भिंतीतला डिंक

पूर्वी कौशांबी नगरात देवसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मधमाश्यांच्या कुळात जन्मास आला होता. नांगी नसलेल्या, बारीक काळ्या माश्यांचं ते कुळ. एका कुंभाराच्या घराच्या मातीच्या भिंतीत त्यांचं पोळं होतं. झाडांचा चीक आणून, त्यात मेण मळून त्यांनी भोकाच्या तोंडाशी डिंकाची नळी बांधली होती. तेच त्यांचं दार. त्या चिकट दारामुळे मुंग्या आत येत नसत.

त्या घरची सून धनिका. तिच्या मुलाचा, पिंगलचा, पाय खापरीने कापला, तेव्हा सासूने नळीच्या कडेचा हरभऱ्याएवढा डिंक खरवडला, तुपात वितळवला आणि जखमेवर लावून चिंधी बांधली. जखम चिघळली नाही. हळूहळू भरून आली.

"गुण आहे हो याला," सासू म्हणाली. "तोंड आलं तरी लावतात. लागेल तेव्हा घ्यावा, लागेल तेवढाच."

धनिकाने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवसापासून डिंक खरवडून गाडग्यात साठवू लागली. खोकला झाला तर? दाढ दुखली तर? पोर समोर खेळत होतं. पण खेळता खेळता पडलं तर? आया असा विचार करतात, त्यावर कुठलाच डिंक लागू पडत नाही.

नळी संपली. भिंतीवर मुंग्यांची रांग चढू लागली.

"तिच्या पोराच्या केसांत घुसू आणि कडकडून चावू," तरुण माश्या म्हणाल्या. "मग समजेल बाईसाहेबांना!"

"पोराने काय केलंय?" असं म्हणून बोधिसत्त्व एकटाच उडाला.

तो धनिकाच्या मनगटावर बसला. तिने दचकून फटका मारला. त्याचा एक पंख फाटला आणि तो गाडग्याच्या काठावर पडला. तिथूनच त्याने विचारलं, "बाई, पोराचा पाय कसा आहे?"

माशी बोलली कशी, हे मला सांगता येणार नाही. त्या काळी ऐकणारे निराळे असावेत.

"बरा आहे," धनिका गोंधळून म्हणाली.

"मग हे एवढं कुणाच्या दुखण्याचं?"

"अजून न झालेल्या. उद्या काही झालं तर मी कुठे धावू?"

"आमच्याकडेच ये. पण उद्या आम्ही असायला हवं ना? आत आमचीही पोरं आहेत, आणि मुंग्या दाराशी आल्यात."

धनिकाने भिंतीकडे पाहिलं. मग केरसुणीने मुंग्या झाडल्या आणि गाडगं चुलीवर ठेवलं. दगडासारखा झालेला डिंक उबेने मऊ झाला. बोटं पोळत असताना तिने तो भोकाभोवती लिंपला. शेवटच्या चिमटीशी मात्र तिचा हात थांबला. तिने पिंगलकडे पाहिलं, आणि तीही लावायला निघाली.

"तेवढी राहू दे," बोधिसत्त्व म्हणाला. "आईच्या घरात एवढी असावी."

फाटक्या पंखाने त्याला उडता येईना. धनिकाने त्याला तळहातावर घेऊन दाराशी सोडलं.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोरच्या भिक्षूकडे पाहिलं. आजाराच्या धास्तीने त्याने कोठडीत तुपातेलाची भांडी रचली होती, आणि सोबत्यांनी रागावून त्याला पुढे आणलं होतं. शास्ते म्हणाले, "तेव्हाची धनिका तू होतास. चावायला निघालेल्या माश्या म्हणजे हे तुझे सोबती. पंख फाटलेली माशी मीच. फटका खाऊनही आधी पोराचा पाय विचारावा, भिक्षूंनो, याला क्षांती, म्हणजे न रागावता सोसणं, म्हणतात."