शिंगराची म्होरकी

घाटाखालच्या एका गावात फार वर्षांपूर्वी एक घोडेवाला राहत असे. घोडीच्या पाठीवर मिठाची पोती लादून ती घाटावर न्यायची, हा त्याचा धंदा. माणूस वाईट नव्हता, पण घाई त्याच्या पाचवीला पुजलेली. जेवायचासुद्धा उभ्या उभ्याने.

घोडी म्हातारी झाली होती. तिला एक शेवटचं शिंगरू झालं, तांबूस, लांब पायांचं. पुढे घर चालणार होतं ते याच शिंगराच्या पाठीवर. म्हणून नवरा-बायको दोघांचाही त्याच्यावर भारी जीव.

शिंगरू खोडकर होतं. धरायला गेलं की कुंपणाच्या या टोकाहून त्या टोकाला पळे. घोडेवाल्याची बायको मूठभर हरभरे घेऊन नुसती बसून राही. मग ते आपण होऊन येई, मान खाली घाली, आणि ती त्याच्या तोंडावर दोरीची म्होरकी चढवी. काम झालं की काढून ठेवी.

घोडेवाल्याला एवढा धीर कुठला! त्याने बाजारातून चामड्याची म्होरकी आणली आणि शिंगराच्या तोंडावर घट्ट बसवली.

"आता ही काढायचीच नाही," तो म्हणाला. "हात घातला की शिंगरू हातात!"

"अहो, वाढतं जनावर आहे. रात्री तरी त्याचं तोंड मोकळं ठेवा."

"रोज काढली की रोज धरायची कटकट. तुला वेळ आहे, मला नाही."

पुढे बायकोची आई आजारी पडली, म्हणून ती माहेरी गेली आणि हिवाळाभर तिथेच राहिली. थंडीत शिंगराच्या तोंडावर दाट केस आले, म्होरकी त्यांत दिसेनाशी झाली.

शिंगरू चघळलेला कडबा तोंडातून टाकू लागलं. "माजलंय," घोडेवाला म्हणाला. तोंडाजवळ हात नेला की ते झटका देऊन मागे सरे. "मस्ती आलीय," म्हणत त्याने दोर आणखी जोरात ओढला. ओढलं की ते मुकाट मागून येई. याला वाटे, आता कसं शहाणं झालं! एकदा नीट वाकून बघितलं असतं तरी पुरे होतं. पण वाकायला वेळ लागतो ना!

बायको परतली. अंगणात पाऊल टाकताच तिला सडका वास आला. तिने शिंगराच्या नाकाडावरचे केस बाजूला केले. पट्टा मांसात रुतला होता आणि त्याच्यावर कातडं चढलं होतं.

"अहो, हे काय करून ठेवलंत!" ती ओरडली.

गावच्या नालबंदाने पट्टा कापून काढला. "आधी बोलवायचं होतंत," तो म्हणाला. "विष अंगात भिनलंय. आता माझ्या हातात काही नाही."

दुपारी शिंगरू आडवं झालं. पोती दारात तशीच टाकून घोडेवाला त्याच्यापाशी बसला. त्याने भीत भीत त्याच्या कपाळावर हात ठेवला. शिंगराने झटका दिला नाही. घोडेवाल्याचे डोळे भरून आले.

"बघ, हात लावू देतंय," तो बायकोला म्हणाला. "राग गेला त्याचा."

"राग कसला," बायको म्हणाली. "मान हलवायची ताकद उरली नाही त्याच्यात."

दिवस मावळायच्या आत शिंगरू गेलं.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: आपण बांधलेला जीव मुकाट मागून येतो, म्हणून तो सुखात आहे असं समजू नये. ज्याने बांधलं, त्यानेच रोज सोडून बघायचं असतं.