ठिपका फुलीवर बसेना

“मग तो हलतो कशानं?” नाडगौडाबाईंनी विचारलं.

“तेच तर कळत नाही, बाई.”

सुयोग घारपुरे हा काही नाकावर माशी बसू देणारा गडी नव्हे. त्याच्या तोंडून ‘कळत नाही’ निघालं, म्हणजे पाणी गळ्याशी आलं होतं.

बाईंच्या हाताखाली प्रबंधासाठी चार वर्षं खपून त्यानं नखाएवढी एक काच घडवली होती. तिच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खांब, हजारोंनी. खालून जरा ऊब दिली की त्या खांबांतून जाणारा किरण वळायचा. जेवढी ऊब, तेवढं वळण. ऊब कमीजास्त करायला एक बटण होतं. “प्रकाश मी म्हणेन तिथं पडतो,” असं हा पठ्ठ्या कॅन्टीनभर सांगत फिरायचा.

आणि आज त्या किरणाचा हिरवा ठिपका समोरच्या कागदावरच्या फुलीवर थांबेल तर शपथ.

उद्या डोळ्यांचे डॉक्टर यायचे होते. उपचार करताना रुग्णाच्या डोळ्यात किरण एका जागी रोखायला ही काच चालेल का, ते बघायला. ठिपका भटकला तर ते चहा पिऊन निघून जाणार, आणि सुयोगची चार वर्षं पाण्यात.

“डावीकडे सरकला की मी बटण जरा वाढवतो,” तो म्हणाला. “की हा उजवीकडे पळत सुटतो. कमी करतो, की परत डावीकडे... सकाळपासून हेच चाललंय. पण सोडणार नाही. याला बसवल्याशिवाय आज घरी जायचा नाही मी.”

“तुझ्या गणितानं बटण कितीवर हवं?”

“चाळीसवर. पण तिथं जमत नाही.”

“ठेव चाळीसवर.”

त्यानं ठेवलं. ठिपका फुलीपासून चांगला बोटभर लांब.

“बघा. म्हटलं नव्हतं?” त्याचा हात पुन्हा बटणाकडे गेला.

“इकडे ये,” बाई म्हणाल्या.

त्या दाराशी खुर्ची ओढून बसल्या. पिशवीतून लाल लोकरीची लडी काढली. नातीचा स्वेटर विणायचा होता, हे साऱ्या विभागाला ठाऊक होतं.

“हात पुढे कर.”

“आत्ता, बाई?... आणि इथं लोकर? टेबलाजवळ धाग्याचा तंतूसुद्धा नको म्हणून तुम्हीच ओरडता.”

“म्हणून तर दाराशी बसलेय.”

बाईंना नाही म्हणायची सोय नव्हती. सुयोगनं दोन्ही हात पुढे केले. बाईंनी लडी त्याच्या मनगटांत अडकवली आणि सावकाश गुंडा करायला घेतला.

सुयोगच्या मनात संताप नुसता खदखदत होता. इथं जीव टांगणीला लागलाय, आणि बाईंना स्वेटर सुचतोय.

“ती काच निवायला वेळ किती लागतो रे?”

“दहा-पंधरा मिनिटं. प्रबंधात लिहिलंय की मी...”

सकाळपासून त्यानं बटणाला एक मिनिटही सलग सोडलं नव्हतं.

ठिपका सरकत होता. फुलीकडे. इतका हळू की बघवेना.

“बाई, केसभर उरलंय. एकदाच हात लावू?”

बाईंनी धागा किंचित ओढला. त्याची मनगटं जागच्या जागी राहिली.

लडी अर्ध्यावर आली...

ठिपका फुलीवर आला. आला तो तिथंच राहिला. लडी संपली, गुंडा पिशवीत गेला, तरी तो तिथंच.

सुयोगचे डोळे भरून आले. आपल्या रिकाम्या हातांकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला. त्याला आता खरी भीती वाटली ती त्यांचीच.

“बाई,” तो हळूच म्हणाला, “उद्या डॉक्टरांसमोर हे हात पुन्हा शिवशिवले तर?”

बाई चपला घालत होत्या.

“उद्या निळी आणते.”