ओल्या दोराची घंटा

करंजखोरीच्या चर्चमध्ये येणारे पाहुणे आधी वर घंटेकडे पाहतात आणि मग, ती मी वाजवतो म्हणून, माझ्याकडे. घंटा जागेवर आहे, पण तिला दोर नाही. कुणाला वाटतं चोरीला गेला, कुणाला वाटतं आम्ही आळशी आहोत. पुण्याच्या एका बाईंनी तर कीव येऊन नायलॉनचा चांगला लांब दोर पाठवून दिला. मंडळीने त्यांचे आभार मानले आणि तो दोर नाताळच्या मांडवासाठी ठेवून दिला. घंटेला तो बांधला नाही, कारण आमच्या घंटेला वेगळा दोर लावायचाच नसतो. रविवारी सकाळी चर्चमागच्या विहिरीचा दोर सोडून आणायचा, ओला असेल तसाच घंटेला बांधायचा, घंटा वाजवायची आणि उपासना संपली की तो पुन्हा विहिरीवर न्यायचा. दोराचं पाणी दारातल्या फरशीवर ठिबकतं आणि नवा पाहुणा त्यावरून हमखास घसरतो. तुम्ही घंटेच्या आधीच आलात, म्हणजे नशीबवान आहात. आता सावलीत बसा, मी थोडा पाल्हाळिक आहे.

ही गोष्ट आमच्या आजाच्या आजाच्या वेळची, असं सांगतात. आमच्या वस्तीचं काम दोर वळण्याचं. गावातल्या बैलांचे कासरे, मोटेचे नाडे, सगळं आमच्या हातचं. पण ज्या विहिरीत तो नाडा जायचा, तिच्या कठड्याला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. आमच्या बायांनी लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर तिने वरून ओंजळीत पाणी घालायचं. पुढे वस्ती ख्रिस्ती झाली. लोकांनी स्वतःच्या हाताने दगड फोडून हे चर्च बांधलं आणि त्याच्यामागे खडकात ही विहीर खणली. घंटा मिशनने पाठवली. दोर मात्र आमचा होता.

तो दोर वळला शिमोन पातोळे आणि त्याची बायको ठकूबाई या दोघांनी. घायपाताचा निवडक वाख, म्हणजे पानांतले धागे, घेऊन सबंध उन्हाळा ते दोघं पीळ देत बसले होते म्हणे. घंटेला दोर बांधताना शिमोनने मंडळीपुढे नवस केला, की आजवर आम्ही वळलेला प्रत्येक दोर दुसऱ्याच्या कामाला गेला, हा एक देवाचा. हा कुणाच्या बैलाला, कुणाच्या मोटेला लागायचा नाही. त्याच वर्षी शिमोन तापाने गेला. ठकूबाईला मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या हातचं म्हणून तिच्याजवळ जे काही उरलं, ते घंटेला लोंबत होतं. चर्च झाडायचं काम तिने मागून घेतलं, आणि झाडून झालं की ती त्या दोरावरून एकदा हात फिरवायची.

मग दुष्काळ पडला. गावची विहीर तळापर्यंत आटली. आमच्या विहिरीत तळाला पाणी होतं, पण फार खोल गेलेलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी म्हण आहे. इथे उलटंच झालं होतं, आडात होतं आणि पोहरा पोचत नव्हता. वस्तीतले जुनेपाने दोर एकाला एक बांधून पाहिले, ते मध्येच तुटले. नवा वळावा तर घायपात गुरांनी बुंध्यापर्यंत खाल्लेला. तेव्हा वस्तीतली तरणी माणसं खडकातल्या खोबणींत पाय रोवून खाली उतरत आणि पाठीला बांधलेल्या मडक्यांतून पाणी वर आणत. वस्तीपुरतं भागायचं. गावाला मात्र त्यातून काही देता येण्यासारखं नव्हतं, आणि द्यावं असं फारसं कुणाला वाटतही नव्हतं. खोटं कशाला सांगू?

एका रविवारी सकाळी ठकूबाई झाडायला आली, तर विहिरीपासून लांब, बाभळीखाली, गावातल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. पुढे पाटलाची आई, बयाजाबाई. तिच्या कडेवर नातू होता आणि त्याला रडायचंही त्राण नव्हतं. ही तीच बयाजाबाई, जिने ठकूबाईला एकदा गावच्या विहिरीवरून दगड मारून हाकललं होतं. आज ती काही मागत नव्हती, नुसती उभी होती. ते तसं उभं राहणं ठकूबाईच्या चांगलं ओळखीचं होतं. उभा जन्म ती तशीच उभी राहिली होती.

ठकूबाई आत गेली. तळापर्यंत पोचेल असा अखंड दोर वस्तीत आता घंटेचाच उरला होता. शिडी लावली आणि दोराची गाठ सोडायला लागली. शिमोनने मारलेली गाठ ती, सहजी सुटेना. प्रत्येक हिसक्यासरशी घंटा वाजायची. वस्तीला वाटलं, आज उपासना लवकर आहे. माणसं घाईघाईने अंगावर धुवट कपडे चढवून निघाली. तोवर ठकूबाईने दोर विहिरीच्या कप्पीवरून घेऊन त्याला भली मोठी घागर बांधली होती. घागर पाण्याला टेकली, बुडाली आणि जड झाली. तिने मागे वळून बयाजाबाईला हाक मारली.

"येकटीनं वढवत न्हाई, बाई. हात लावा."

 बयाजाबाईने ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांचा दोर हातात घ्यायचा होता. तिने नातवाला शेजारणीकडे दिलं, पुढे आली आणि दोर धरला. मागून बाकीच्या आल्या. घागर वर आली, तेव्हा ठकूबाईने कुणाच्या ओंजळीत वरून पाणी घातलं नाही. घागर त्यांच्यापुढे खाली ठेवली आणि बाजूला झाली.

एवढ्यात मंडळी येऊन ठेपली. पुढे पाळक शांतवन साळवे, पांढऱ्या झग्यात. माणूस सज्जन, पण शिस्तीचा. देवाचा दोर विहिरीत पाहून त्यांचा चेहराच उतरला.

"ठकूबाई, हा दोर देवाला वाहिलेला आहे. शिमोनचा नवस तुम्ही मोडलात."

"देवाचाच हाय म्हनून आनला, पाळकसाहेब," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा असता तर आधी त्याला इचारावं लागलं असतं."

मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "अन् निम्मे पेड माझ्या हातचे हायेत. धन्याला मी सांगीन काय सांगायचं ते."

 पाळकांनी झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि दोर धरला. त्या दिवशी उपासना विहिरीवरच झाली. गीताच्या ठेक्यावर गाव आणि वस्ती मिळून दोर ओढत होती. उपदेश झालाच नाही, आणि तरीही तोच साळवेपाळकांचा सगळ्यांत चांगला उपदेश, असं आमच्याकडे म्हणतात. त्या माउलीबद्दल मला काय वाटतं, ते आता वेगळं सांगायला नको.

दुष्काळ सरेपर्यंत तो दोर रोज भिजत राहिला. घायपाताचा दोर सततच्या पाण्यात कुजतो, मी स्वतः दोर वळलेला माणूस आहे. पण तो म्हणे तुटला नाही. पुढच्या वर्षी विहीर भरली, हाताने घागर बुडवता येऊ लागली, आणि त्या दिवशी दोराने जीव सोडला. यावर विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. मी ठेवतो.

मंडळीचं म्हणणं पडलं की हा दोर आता काचेच्या कपाटात ठेवू. ठकूबाईने ऐकलं नाही. तिने नवऱ्याच्या हातचा तो दोर मांडीवर घेतला, स्वतःच उलगडला, कुजकं वेगळं केलं आणि चांगले धागे नव्या वाखात मिसळून दुसरा दोर वळला. घंटेला येगळा आन् हिरीला येगळा, असं पुन्हा करायचं न्हाई, एवढंच ती बोलली. वळताना ती रडत होती, असं माझी आजी सांगायची.

आजही जुना दोर झिजला की त्याचे थोडे धागे नव्यात घातल्याशिवाय आम्ही पहिला पीळ देत नाही. गावात नळ आले, तरी पहिली घागर गावातल्या माणसाने आणि वस्तीतल्या माणसाने मिळून ओढल्याशिवाय दोर घंटेकडे जात नाही. शिमोनचे धागे यात कुठले, ते दाखवा म्हणाल तर मला दाखवता येणार नाहीत. पण आज रविवार आहे, घंटेची वेळ झाली, आणि तो बघा, पाटलांच्या घरचा पोरगा विहिरीवर दोर धरून खोळंबला आहे. मला एकट्याला आता ओढवत नाही. उठा, हात लावा.