ठकाचा दोर

ही विहीर नीट बघून घ्या. पंप बसून वीस वर्षं झाली, तरी काठावरच्या दगडी खुंटाला हा काथ्याचा दोर बांधलेला आहे आणि त्याचं टोक पार पाण्यात आहे. बिनकामाचा म्हणून सोडायला जाल, तर आमच्या खैरबोडीतली शेंबडी पोरंसुद्धा अंगावर येतील. आणखी एक सांगून ठेवतो. या गावात कोणाला लबाड म्हणा, लुच्चा म्हणा, ठक मात्र म्हणू नका. तो शब्द आम्ही एकाच माणसासाठी राखून ठेवलाय.

पूर्वी इथे पाणी नव्हतं, असं सांगतात. बायका दोन कोसांवरच्या नदीवरून घागरी आणायच्या आणि अर्धं गाव उठून जायच्या बेतात होतं. अशात एक पाणाड्या आला. तळहातावर नारळ धरून माळावर फिरायचा. जिथे नारळ उभा राहील तिथे खाली पाणी. नाव सांगितलं गंगाराम, तेही खोटं. त्याचा धंदाच तो होता म्हणे. नारळ उभा करायचा, चार दिवस पुरणपोळी हाणायची, मिळालेलं नवं धोतर नेसून पुढचं गाव गाठायचं. खड्डा कोरडा निघेपर्यंत हा दहा कोस दूर.

खैरबोडीत मात्र त्याचा अंदाज चुकला. इथली रीत अशी, की ज्याने जागा दाखवली त्यानेच देवीची शपथ घेऊन खणायचं आणि पाणी लागेपर्यंत शीव ओलांडायची नाही. याने ताकाची वाटी प्यावी तशी गटकन शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला, तर चारी वाटांवर राखणदार बसलेले.

पाच हातांवर काळा पाषाण लागला. रोज सकाळी त्याला दोराने खाली सोडायचे, दिवस मावळता वर ओढायचे. जसजसा खोल जाईल तसतसं वरचं आभाळ लहान होत गेलं. परातीएवढं होतं ते वाटीएवढं झालं. खाली पाणी नाही हे त्यालाच ठाऊक, आणि खणायचंही त्यालाच. याहून वाईट तुरुंग मी तरी ऐकलेला नाही.

दोनदा त्याने खालून आरोळी ठोकली, "पाणी लागलं, दोर ओढा!" गाव नाचायला लागलं की हा वर येऊन पळत सुटायचा. दोन्ही वेळा शिवेवर धरला. तेव्हापासून त्याचं नाव ठक पडलं. भाकरीसुद्धा 'घे रे ठका' म्हणून पुढे सरकवायचे. एकटी चांगुणा नावाची म्हातारी विधवा त्याला बाबा म्हणायची आणि रोज त्याच्या आंघोळीला आपल्यातली घागर ठेवायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात राखणदारही नदीवर पाण्याला गेले. भर दुपारी हा शिवेच्या दगडापाशी पोचला, तर समोरून चांगुणा घागर घेऊन येत होती. तिने कोणाला हाक मारली नाही.

"उन्हाचं निघाला बाबा, तोंड तर वलं करा," म्हणत तिने त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं.

तो प्याला आणि म्हणाला, "म्हातारे, मी खराच ठक हाय. तितं पाणी न्हाई."

"ठावं हाय. नारळ तुमी आंगठ्यानं उभा केला, पयल्या दिशीच बघितलं म्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर गाव उठलं असतं. तुमी खणताय म्हणून तर थांबलंय. या वयात म्या कुटं जाऊ?"

वाट मोकळी होती, तरी तो मागे फिरला. मला विचाराल तर खरा अडकला तो त्या दिवशी. पुढे वर्षभर त्याने पळायचं नाव काढलं नाही, नुसता खणत राहिला.

मग एके दिवशी खालून आवाज आला, "पाणी लागलं! दोर टाका!" काठावरची माणसं हसली. "ठकाला पुन्हा पळायची हुक्की आली," म्हणत एकजण चिलीम भरत बसला. चांगुणेनेच दोर सोडला. खालून हिसका आला तशी ती ओढू लागली, पण ओझं लागेना. टोकाला त्याचं मुंडासं बांधलेलं होतं, ओलंचिंब. नुसत्या शब्दावर आपल्याला कोणी वर ओढणार नाही हे ओळखून त्याने आधी पुरावा पाठवला होता. मग धावले सगळे. दोर पुन्हा खाली गेला तोवर कपारीतून फुटलेलं पाणी पुरुषभर चढलं होतं, आणि दोर धरायला कोणी उरलं नव्हतं. आमच्याच पूर्वजांची ही गोष्ट. सांगताना लाज वाटते, पण लपवत नाही.

आजही अक्षय्य तृतीयेला खुंटाला नवा दोर बांधतात. त्या दोराने काढलेली पहिली घागर देवीलाही जात नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई ती डोक्यावर घेऊन शिवेपर्यंत चालत जाते आणि दगडापलीकडे ओतते. त्याचं खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही, म्हणून आहे त्याच नावाने ती हाक मारते, "ठका, पाणी लागलं रे. जा आता."