काठवटीतलं कडं

धान्याच्या बाजाराचं एक गाव होतं. फार लांबचं नाही. त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, वर चार पत्रे, खाली दोन बाकडी आणि कोपऱ्यात चूल. ती अंबूआक्का चालवायची. तिच्या आधी तिची सासू चालवायची.

सासूनं जाताना सुनेला दागिना दिला नाही, कारण तो नव्हताच. लाकडाची एक काठवट दिली. त्या काठवटीत पीठ मळायचं आणि त्याच काठवटीत भाकरी थापायची. तिच्या आत, तळाला सासूनं विळ्याच्या टोकानं एक गोल कडं कोरलं होतं. म्हणाली, "भाकरी या कड्याला टेकली पाहिजे, सूनबाई. अलीकडं थांबायचं न्हाई. आपल्याकडं ओझी उचलणारी माणसं जेवतात. त्यांचं पोट फसवलं तर पाठ फसते."

आक्कानं वीस वर्षं भाकरी कड्याला टेकवली.

जेवायला यायचे ते बाजारातले हमाल. दंडाला पितळेचा बिल्ला बांधलेले. बिल्ला असेल त्यालाच त्या बाजारात पोतं उचलता यायचं. बिल्ला गेला की काम गेलं. या बिल्लेवाल्यांच्या दोन रीती होत्या. कुठं लिहिलेल्या नव्हत्या, पण सगळे पाळायचे. पोत्याखाली असताना 'जड आहे' म्हणायचं नाही. आणि ताटात तीन भाकरी मिळतात, चौथी मागायची नाही. जड म्हणणारा थकला आणि चौथी मागणारा खादाड झाला, असं धरून चालायचे. म्हणून जड वाटलं तरी कोणी म्हणायचा नाही. भूक राहिली तरी तांब्याभर पाणी पिऊन उठायचा.

त्यांत मसाजी सगळ्यात जुना. तीस वर्षांचा बिल्ला. अक्षरं पुसून गेली होती त्याच्यावरची. माणूस गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

मग महागाईचे दिवस आले. तसे ते येतातच, पण या खेपेला जायचं नाव घेईनात. ज्वारी चढली. तेल चढलं. सरपण मिळेना म्हणून आक्कानं गॅसची टाकी आणली, तर टाकी चढली. मिरची तर विचारूच नका. आक्का रोज चुलीपुढं बसून विचार करायची आणि रोज तिथंच यायची. ताटाचा दर वाढवल्याशिवाय भागणार नाही.

एक दिवस तिनं खडू घेतला. भिंतीवर दर लिहिलेला होता, तो पुसायला हात वर केला. तेवढ्यात हमाल जेवायला आले.

मसाजी भिंतीकडं बघून म्हणाला, "आक्का, चहा महागला, साबण महागला, पोरांच्या वह्या महागल्या. तुझा तेवढा दर जिथल्या तिथं हाय. देवमाणूस हाईस बग तू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आक्काचा हात खाली आला. खडू तिनं पदराच्या टोकाला बांधून टाकला.

देवमाणूस म्हटल्यावर दर कसा वाढवायचा? आणि दर न वाढवता ज्वारी कुठून आणायची? त्या दिवशी तिनं भाकरी कड्याच्या एक बोट अलीकडं थांबवली. मनात म्हणाली, एक बोट काय, कोणाच्या लक्षातबी येणार न्हाई. आणि तसंच झालं. कोणाच्या लक्षात आलं नाही. सहा महिन्यांनी ज्वारी आणखी चढली, तेव्हा दुसरं बोट गेलं. आता काठवटीत पीठ सारवलेलं असायचं आणि कडं त्याच्याखाली बुजलेलं. ते दिसू नये म्हणून आक्कानं काठवट नीट धुवायची सोडून दिली होती.

तिकडं बाजारात रंगनाथअप्पा नावाचे आडते होते, शेतकऱ्यांचा माल विकून देणारे. माणूस वाईट नव्हता. पण गाळ्याचं भाडं वाढलं, ट्रकचं डिझेल वाढलं, तर अप्पांनीही तेच केलं. हमाली पोत्यामागं मिळायची. अप्पांनी हमालीला हात लावला नाही. ते चारचौघांत सांगायचे, "सगळ्यांनी काटछाट केली, मी माझ्या माणसांची हमाली एका पैशानं कमी केली नाही." फक्त पोतं भरणाऱ्याला सांगून ठेवलं होतं की जरा दाबून भरत जा. पन्नास किलोचं पोतं हळूहळू साठाला आलं, आणि तेवढ्याच मालाची पोती कमी झाली, म्हणजे हमालीही कमी. पोत्याचं तोंड शिवलेलं असतं. आत किती आहे, ते पाठीलाच कळतं. आणि पाठीनं तर बोलायचं नाही, अशी रीत.

असा मसाजी दोन्हीकडून दाबला गेला. वर पोतं मोठं झालं, आत भाकरी लहान झाली. दर मात्र दोन्हीकडं तोच होता.

घरी गेला तर बायको डाळ वाढायची. डाळीत पाणीच जास्त. मसाजी बघायचा, तर ती म्हणायची, "पातळ बरी असते. पचायला हलकी." आणि दूध बंद केलं तेव्हा म्हणाली, "मला कोराच चहा आवडायला लागलाय." बिचारीनं नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं. मसाजीनंही तिला वाईट वाटू नये म्हणून मानलं. दोघंही एकमेकांना जपत होती आणि दोघंही वाळत होती.

मसाजीच्या मनानं एकच घेतलं. आपलं वय झालं. नाहीतर तीच पोती, तीच भाकरी, मग दुपारनंतर पाय का लटपटतात? रात्री बायकोला म्हणायचा, "दुनिया जागेवर हाय गं. मीच सरत चाललोय."

एक दिवस ट्रकला लावलेल्या फळीवर तो पोतं घेऊन चढत होता. निम्म्यात गुडघा वाकला. पोतं पाठीवरून सुटलं, खाली पडून फाटलं, आणि मसाजी त्या ज्वारीवर पडला. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. गुडघा सोलला. बंकट नावाचा तरणा हमाल खाली उभा होता. तो हसला.

"मामा, आता पोती सोडा अन् नातवंडं उचला!"

सगळे हसले. मसाजीही हसला. पण सांडलेली ज्वारी हातानं गोळा करताना त्यानं ठरवून टाकलं. संध्याकाळी मुकादमाकडं जायचं आणि बिल्ला देऊन टाकायचा. दुसऱ्याच्या मालाचं नुकसान करण्यापेक्षा बरं. घरी काय खायचं, ते त्याला सुचलं नाही. थकलेल्या माणसाला पुढचं सुचत नाही.

दुपारी तो लंगडत खानावळीत आला. बाकीचे जेवत होते. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या, पाणी प्यायलं, आणि उठताना आक्कापुढं दोन्ही हात जोडले.

"हे काय वो मसाजीभाऊ?" आक्का म्हणाली.

"आजचं ताट शेवटचं, आक्का. बिल्ला देतोय. वीस वर्षं तू मापात कमी केलं न्हाईस. तुझ्या भाकरीत कमी न्हाई, माझ्यातच कमी हाय. खाल्लेलं अंगी लागंना झालंय."

एवढं बोलून तो चप्पल शोधायला लागला.

आता बघा, आक्का गप्प बसली असती तर काय झालं असतं? काहीच नाही. मसाजी घरी गेला असता. मरेपर्यंत स्वतःच्या हाडांना बोल लावत बसला असता, आणि आक्काला देवमाणूस म्हणत राहिला असता. कोणाला कधी कळलं नसतं. जगातली बरीचशी पापं अशीच कळत नाहीत. आक्काच्या हातात पिठाचा गोळा होता, तो तसाच राहिला. तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती खाली काढली नाही.

मग ती उठली. काठवटीत पाणी ओतलं आणि नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासली. दीड वर्षाचं पीठ निघालं. खालचं कडं वर आलं. तिनं टोपलीतली एक भाकरी काठवटीत ठेवली आणि काठवट बाकड्यावर मसाजीपुढं मांडली.

"हे माझ्या सासूनं कोरलेलं माप. भाकरी इथवर पाहिजे. बगा कुठं थांबलीय ती."

मसाजीनं वाकून बघितलं. मग आपली दोन बोटं भाकरीच्या आणि कड्याच्या मधल्या जागेत ठेवली. दोन्ही मावली.

"दीड वर्ष झालं," आक्का म्हणाली. "तुमचं वय न्हाई झालं, भाऊ. माझी भाकरी लहान झाली."

बंकट ताटावरून उठला. "म्हंजे आम्ही दीड वर्ष पाण्यावर पोती उचलली व्हय? आन् वर तुला देवमाणूस म्हणत हुतो!"

"म्हणत हुतात म्हणूनच झालं," आक्का म्हणाली. "दर वाढवायला गेले तर जीभ रेटली न्हाई."

"जीभ रेटली न्हाई, हात बरा रेटला!"

बाकीच्यांतले दोघंजण ताट तसंच टाकून निघून गेले. ते खऱ्याचं मोल होतं, ते तिनं उभ्यानं चुकतं केलं.

मसाजी मात्र खाली बसला. मग हळूच म्हणाला, "मी रोज बायकोला सांगत हुतो, मी सरत चाललोय. ती देवापुढं दिवा लावत हुती माझ्यासाठी." आणि थोडं हसला. रागावण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. "आक्का, दर वाढवला असतास तर आम्ही कुरकुर केली असती. दोन दिवस बोललो असतो. पण मला कळलं असतं की महागाई बाहेर हाय, माझ्या हाडात न्हाई."

बंकट दारात थांबला होता. तो आता हसत नव्हता. त्यानं विचारलं, "मामा, एक इचारू? पोतंबी जड लागतंय का वो तुम्हाला?"

ती रीत मोडायची म्हणजे काय, ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. मसाजीनं आजूबाजूला बघितलं आणि म्हणाला, "लागतंय."

"मलाबी लागतंय," बंकट म्हणाला. "मला वाटलं, मीच हलका झालो."

मग एकेकानं सांगितलं. सगळ्यांनाच लागत होतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच लागतंय.

जेवणं झाल्यावर सगळे बाजारात गेले. ज्या काट्यावर ते रोज दुसऱ्यांचा माल चढवायचे, त्याच काट्यावर त्यांनी अप्पांचं एक पोतं ठेवलं. काटा साठावर जाऊन थांबला.

अप्पा गादीवरून उठून आले. "अरे, पण मी हमाली कुठं कमी केली?"

"न्हाई केली, अप्पा," मसाजी म्हणाला. "आक्कानंबी दर वाढवला नव्हता."

अप्पांना आधी ते कळलं नाही. हमालांनी भाकरीची गोष्ट सांगितली. अप्पांनी वाकून काटा स्वतः वाचला. त्यांनी भाड्याचं सांगितलं, डिझेलचं सांगितलं. ते खोटं नव्हतं, आणि हमालांनी ते ऐकून घेतलं. शेवटी ठरलं की पोतं पुन्हा पन्नासाचं. यंदा हमाली वाढणार नाही, पण पोतं वाढलं तर हमालीही वाढणार. आणि आठवड्यातून एक पोतं हमालांनी काट्यावर ठेवून बघायचं. भांडण न करता.

फार काही झालं असं नाही. ज्वारी उतरली नाही. टाकी उतरली नाही. आक्कानं भिंतीवरचा दर पुसून नवा लिहिला. तो भारी होता. काहीजण दोनच भाकरी घ्यायला लागले आणि तिसरी घरून फडक्यात बांधून आणायला लागले. पण जी भाकरी ताटात पडायची, ती कड्याला टेकलेली असायची. काठवट आक्का सगळ्यांसमोर धुवायची. ताट टाकून गेलेल्या दोघांतला एक महिन्यानं परत आला. दुसरा आला नाही. आक्का भाकरी वाढताना त्याच्या जागेकडं बघायची.

पोतं काट्यावर ठेवलं त्या संध्याकाळी मसाजी मुकादमाकडं गेला नाही. बिल्ला दंडाला बांधूनच घरी गेला. बायकोनं डाळ वाढली.

"पातळ हाय," मसाजी म्हणाला.

"पचायला..."

"हलकी असते, ठाऊक हाय. डाळ परवडत न्हाई, असं म्हण ना."

बायकोनं पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "न्हाई परवडत."

"आता कसं! दोघं मिळून पातळ खाऊ. पण सांगून."

आणि मग बायको खूप दिवसांनी हसली. म्हणाली, कोरा चहा तिला अजिबात आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मसाजी खानावळीत जेवायला बसला. गुडघ्याला फडकं बांधलं होतं. तीन भाकरी झाल्या. त्यानं तांब्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

"आक्का," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चौथी वाढ. अजून भूक हाय. जादा पैसं घे."

सगळ्यांनी बंकटकडं बघितलं. टोमणा मारायचा तर त्यानंच. बंकटनं आपलं ताट पुढं सरकवलं.

"मामाची अर्धी मला दे, आक्का," तो म्हणाला. "अर्ध्याचं पैसं मी देतो."

आक्कानं भाकरी थापली. कड्याला टेकवली, भाजली, मधोमध मोडली आणि दोघांच्या ताटात वाढली.

तात्पर्य: तंगी लपवली की ती सर्वांत थकलेल्या पाठीवर जाऊन बसते, आणि तो बिचारा स्वतःलाच दोष देत राहतो; तीच तंगी उघड सांगितली तर कमी होत नाही, पण वाटून घेता येते.