भोपळ्यातलं बी

विषय : तंबोऱ्याच्या भोपळ्याचे मूळ बियाणे मिळणेबाबत.

संदर्भ : श्री. मुनीर दस्तगीर शिकलगार, तंबोरे बनवणारे, यांचा वाद्यकारागीर सहकारी संस्थेकडील अर्ज.

उपरोक्त विषयाच्या चौकशीसाठी अर्जदार स्वतः सिदराम आप्पांच्या शेतावर हजर राहिले. संस्थेतर्फे नोंद घ्यायला मी होतो.

“पण आप्पा, अब्बांना द्यायचात ते बी गेलं कुठं?”

मुनीरने हे तिसऱ्यांदा विचारलं. आप्पा वेलावरच्या भोपळ्याखाली कडबा सरकवत होते. भीमेकाठच्या या तुकड्यात पन्नास वर्षं ते तंबोऱ्याचे भोपळे पिकवत आले आहेत.

“तुझ्या बापाला बी मी कधी दिलं नाही. भोपळे दिले.”

“तेच. तसे आता का येत नाहीत?”

“तसे म्हंजे कसे?”

मुनीरने माझ्या हातातल्या फॉर्मावर नजर टाकली. फॉर्मात लांबी आणि घेर यांचे रकाने होते. त्याला जे सांगायचं होतं त्याला रकाना नव्हता.

“अब्बांचा तंबोरा छेडून थांबलं…” तो म्हणाला, “तरी खोलीत कुणीतरी बसलंय असं वाटायचं. शेवटचा होता तो मी विकला. अब्बा जाऊन अकरा वर्षं झाली. तो आवाज माझ्या हातून एकदाही निघाला नाही. परवा एका गाणाऱ्या बाईंनी तीन तंबोरे परत पाठवले. म्हणाल्या, बोलतात, पण गुंजत नाहीत.”

आप्पांनी मान हलवली. कडबा सरकवणं चालूच.

मुनीरने मग शिबिरातलं काढलं. संस्थेने महिन्यापूर्वी एक शिबिर घेतलं होतं. पुरवठ्याच्या साखळीतल्या भागीदारांनी ज्ञान वाटून घ्यावं, असं पाहुण्यांनी पडद्यावर बाण काढून दाखवलं. सगळे बाण मुनीरच्या कारखान्याकडे येत होते. त्याला ते शिबिर फार पटलं. आप्पांना बोलावलेलं नव्हतं.

“आपली साखळी लवचिक आहे, आप्पा. सकाळी मी फोनवर घेर सांगतो, संध्याकाळी टेम्पो भरतो. आता फक्त ज्ञान द्यायचं राहिलंय तुम्ही.”

“टेम्पो भरतो, खरंय,” आप्पा म्हणाले. “डायव्हर गुणी आहे. एक भोपळा फोडला नाही अजून.”

ते खोपटात गेले. गेल्या सालचा, खडखडीत वाळलेला भोपळा घेऊन आले. मुनीरच्या कानाशी धरून हलवला.

खुळ… खुळ…

“काय आहे आत?”

“बी.”

“कापल्यावर काय करतोस त्याचं?”

“गर खरवडतो, बी…” मुनीरने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. “झाडून टाकतो.”

“कुठं?”

“उकिरड्यावर.”

आप्पा बांधावर बसले. भोपळा मांडीवर.

“दस्तगीरभाई फडक्यात बांधून आणायचा. प्रत्येक भोपळ्याची पुरचुंडी वेगळी. आणि त्याचा तंबोरा आणायचा. इथंच, ह्या दगडावर बसून छेडायचा. ‘आप्पा, हे बी ह्याचं.’ मी ऐकायचो. मग ठरवायचो, काय पेरायचं.”

मुनीर हळूच खाली बसला.

“आम्ही घरात हसायचो त्यांना,” तो म्हणाला. “म्हातारा एवढं ओझं घेऊन भोपळ्यांना गाणं ऐकवायला जातो म्हणून.”

“लोक इथंही हसायचे.”

“आणि ते गेल्यावर? अकरा वर्षं काय पेरता तुम्ही?”

“तुझा डायव्हर नको म्हणून ठेवून जातो त्या भोपळ्यांतलं.”

मुनीरने बांधावरूनच वेलावरच्या भोपळ्यांकडे पाहिलं.

“मला सांगायचं तरी होतंत, आप्पा.”

“तू घेर सांगायचास. त्या घेराचा भोपळा दिला.”

“तुम्हाला आठवतो तो आवाज?”

आप्पांनी भोपळ्यावर तळवा ठेवला, आतून काही येतं का ते बघावं तसा.

“पेरताना आठवतो,” ते म्हणाले. “तोडताना नाही.”

नोंद घेणं भाग होतं, म्हणून मी मध्ये पडलो. “आप्पा, रकाना चार, माहिती देणारा. तिथं तुमचं नाव आहे. पुढे काय लिहू?”

“नाव खोडा. ह्याचं घाला.”

“अर्जदारही मुनीर आणि माहिती देणाराही मुनीर? नियमात बसत नाही.”

“मग उभं राहू द्या.”

त्यांनी तो भोपळा मुनीरच्या हातात दिला. “पुढच्या माघात ये. बी आण. ह्याचा तंबोरा आण. तूच यायचं, डायव्हर नाही.”

मुनीरने भोपळा दोन्ही हातांनी धरला. परत पाठवलेले ते तीन त्याच्या डोळ्यांसमोर असावेत.

“आणि हाही नाही गुंजला तर?”

“तरी आण. अकरा वर्षं मला तेवढंही कुणी सांगितलं नाही.”

टेम्पो शेताच्या तोंडाशी उभा होता. मुनीर एसटीने गेला, भोपळा मांडीवर घेऊन.

रकाना चार दुरुस्त केला आहे. अर्ज प्रलंबित आहे.