टिंगीचं पोट गार गार

एक होती पाल. इवलीशी. बोटाएवढी. तुमच्या बोटाएवढी, माझ्या नाही.
नाव तिचं टिंगी.
ई म्हणू नका! तुम्हाला बघून तीही ई म्हणते.

टिंगी राहायची डोंगरावरच्या घरात. तिथे फार थंडी. घरातल्या भिंतीवर एक पांढरं खोकं. बाहेरच्या भिंतीवर एक मोठा पंखा. पंखा बाहेरच्या हवेतली ऊब ओढायचा. खोकं ती घरात फुंकायचं. फूऽऽ फूऽऽ! याला म्हणतात हीट पंप. थंड हवेत ऊब कुठून आली? मला नका विचारू. शाळेत त्या दिवशी मी झाडावर होतो.

टिंगी खोक्याखाली चिकटायची. पोट गरम गरम!

एका सकाळी काय झालं? फुंकर आली एवढीशी. फुस्स! तीही गार.

टिंगी म्हणाली, "खोक्या, खोक्या, फुंक ना! खोकं फुंकेना, माझं पोट गार गार!"
खोकं म्हणालं, "पंखा फिरेल, तर मी फुंकेन."

टिंगी गेली बाहेर. सुळ सुळ सुळ!
"पंख्या, पंख्या, फिर ना! पंखा फिरेना, खोकं फुंकेना, माझं पोट गार गार!"
पंखा म्हणाला, "ऊं ऊं! तोंडावर गोधडी आहे. गोधडी निघेल, तर मी फिरेन."

टिंगी चढली गोधडीवर. सुळ सुळ सुळ!
"गोधडी, गोधडी, नीघ ना! गोधडी निघेना, पंखा फिरेना, खोकं फुंकेना, माझं पोट गार गार!"
गोधडी म्हणाली, "मला पाय आहेत का? काका ओढतील, तर मी निघेन."

भालूकाका ओट्याशी चहा ढवळत होते. टिंगी गेली काकांकडे. सुळ सुळ सुळ!
"काका, काका, ओढा ना! काका ओढीनात, गोधडी निघेना, पंखा फिरेना, खोकं फुंकेना, माझं पोट गार गार!"
काका म्हणाले, "हळू बोल गं! गोधडी मावशीनं घातली. न विचारता काढली, तर माझा चहा बंद. मावशी सांगेल, तर मी ओढीन."

वत्सूमावशी होती पलंगावर. वर तीन शाली. बाहेर फक्त नाक. टिंगी गेली छतावर. सुळ सुळ... सुळ. पाय गारठले ना!
"मावशी, मावशी, सांग ना! मावशी सांगेना, काका ओढीनात, गोधडी निघेना, पंखा फिरेना, खोकं फुंकेना, माझं पोट गार गार!"
मावशी म्हणाली, "छे गं बाई! पंखा बिचारा उघड्यावर. थंडी वाजते त्याला! म्हणून तर माझी चांगली गोधडी घातली. घर गरम होईल, तर मी उठेन. मग बघू."

टिंगी गोंधळली.
मावशी उठेल, घर गरम झाल्यावर.
घर गरम होईल, खोकं फुंकल्यावर.
खोकं फुंकेल, पंखा फिरल्यावर.
पंखा फिरेल, गोधडी निघाल्यावर.
गोधडी निघेल, काकांनी ओढल्यावर.
काका ओढतील, मावशीनं उठून सांगितल्यावर.
आणि मावशी उठेल... आँ?
टिंगीचं डोकं फिरलं. गर्र गर्र गर्र! गारठलेले पाय सुटले. आणि...
पचाक!
थेट मावशीच्या नाकावर!

"अगं आई गं! पाल! अहो, पाल पडली!"
तीन शाली तीन दिशांना. मावशी धूम बाहेर. धपाक धपाक! बाहेर थंडी. मावशीचे दात कट कट कट.
"अहो, ओढा ती गोधडी! द्या मला! पंख्याचं पंखा बघेल!"

मावशीनं सांगितलं, काकांनी ओढली. सर्रर्र!
गोधडी निघाली, पंखा फिरला. गर्र गर्र!
पंखा फिरला, खोकं फुंकलं. फूऽऽ फूऽऽ!
खोकं फुंकलं, टिंगीचं पोट गरम गरम!

मावशी घरात आली. गोधडी अंगावर, ऐट नाकावर.
"बघा! रात्रभर गोधडी दिली, म्हणून पंखा कसा बरा झाला!"
काका म्हणाले, "हो, हो. चहा आहे का अजून?"

टिंगीला सगळं माहीत होतं. सांगायला तिनं तोंड उघडलं. "चु..."
पण पोट इतकं गरम, इतकं गरम, की तोंड उघडं ठेवूनच झोपली.